कुलूप लागलेली वाट आणि चारशे सह्या

वाचक लिहितात:

गेली चार वर्षं आम्ही इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात राहतो. मुलगी चौदाची आहे, घोड्यांची वेडी. गावाबाहेरच्या तबेल्यात एक घोडी आम्ही दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर निम्म्या निम्म्या खर्चात सांभाळतो. मुलीच्या नादाने मीही पन्नाशीच्या तोंडावर रिकिबीत पाय घातला.

तबेल्यामागून झाडांच्या दोन रांगांमधून एक जुनी वाट जाते. सरकारी नकाशावर ती पायवाट आहे, पण तिथून घोडे कायम जात आलेत असं गावातले सगळे सांगतात. मागच्या ऑक्टोबरमध्ये शेत विकलं गेलं. नव्या मालकांनी मोठ्या फाटकाला कुलूप घातलं आणि चालणाऱ्यांसाठी शेजारी माणसापुरतं झुलतं फाटक ठेवलं. वाट उघडी होती तेव्हाही तिच्या टोकाला मोठा रस्ता लागायचाच. जंगलात शिरायला त्या रस्त्याने अर्धा मैल जावं लागतं आणि तिथे गाड्या ताशी साठ मैलांनी येतात.

म्हणून मी ‘आम्हाला सुरक्षित घोडेवाट हवी’ अशी मोहीम सुरू केली. चारशेच्या वर सह्या झाल्या. काउंटी कौन्सिलने, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेने, ‘नोंद घेतली आहे’ असं दोन ओळींचं उत्तर पाठवलं. तबेल्यातली एक मैत्रीण म्हणते, रात्री जाऊन कुलूप कापू या. तबेल्याची मालकीण म्हणते, जुन्या शेतकऱ्याला मी दर नाताळात व्हिस्कीची बाटली द्यायचे, यालाही देऊन बघू. नवरा म्हणतो, आपण इथे नवखे, उगाच पुढे पुढे करू नकोस. काय करू?

— वाट पाहणारी

प्रिय वाट पाहणारी,

तुमच्या सह्या वाया गेलेल्या नाहीत, पण चुकीच्या टेबलावर गेल्या. तुमच्या मोहिमेत दोन मागण्या एकत्र झाल्यात आणि कौन्सिलमध्ये त्या दोन वेगळ्या कायद्यांखाली येतात. तबेल्यामागच्या वाटेबद्दल विचारायचं ते एवढंच, की घोड्यांचा हक्क तिथे आधीपासून आहे का. पुढच्या अर्ध्या मैलावर हक्क मुळात नाहीच, तो नव्याने निर्माण करायचा आहे. पहिल्या प्रकरणात गरज, सुरक्षितता, मुलांचा आनंद, गावाचं मत यांतलं काहीही मोजलं जात नाही. तिथे चालतो तो पुरावा. दुसऱ्या प्रकरणात गरजच मोजली जाते. तुम्ही दोन्हींसाठी एकच वाक्य पाठवलंत. पहिल्या टेबलावरच्याला त्यात पुरावा दिसला नाही. दुसऱ्यावरच्याला कुठली जमीन आणि कोणाची, हे कळलं नाही. ‘नोंद घेतली’ हे उत्तर अशाच वेळी येतं. तेव्हा आजपासून दोन फायली करा.

आधी तबेल्यामागची वाट.

प्रत्येक काउंटीकडे डेफिनिटिव्ह मॅप नावाचा एक हक्कांचा नकाशा असतो. १९४९ च्या कायद्याने हे नकाशे बनवायला घेतले गेले. एखाद्या ओळीवर पायवाट आहे की ब्रायडलवे, म्हणजे पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून जाण्याची वाट, हे त्यात लिहिलेलं असतं. सातबाऱ्यासारखाच त्याचा दरारा, पण एक फरक आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. नकाशावर जे आहे ते कायद्याने पक्कं मानतात. जे नाही, ते अस्तित्वातच नाही असं मात्र मानत नाहीत. पायवाट म्हणून नोंद असलेल्या वाटेवर घोड्यांचा हक्कही असू शकतो. पन्नासच्या दशकात नोंद करणाऱ्यांनी तो लिहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशी चूक दुरुस्त करून घेण्यासाठी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टच्या ५३ व्या कलमाखाली कोणीही अर्ज करू शकतं. कोणीही म्हणजे खरंच कोणीही. तुम्ही गावात किती वर्षं राहता, जमीन आहे का, घोडा आहे का, हे अर्जात विचारत नाहीत. अर्जाला शुल्कही नाही.

हक्क सिद्ध करायचे दोन मार्ग आहेत, वहिवाट आणि जुनी कागदपत्रं. दोन्ही एकाच अर्जात घालता येतात आणि घालावेत.

वहिवाटीचा नियम १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या ३१ व्या कलमात आहे. लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं हक्काने वापरली असेल, तर मालकाने ती लोकांना दिली होती असं कायदा मानतो. ही २० वर्षं आजपासून मागे मोजायची नाहीत. ज्या दिवशी त्या हक्काला पहिल्यांदा आडकाठी झाली, त्या दिवसापासून मोजायची. तुमच्या बाबतीत तो दिवस बहुधा कुलूप लागल्याचा. म्हणून कुलपाची तारीख पक्की करा. कोणी त्या आठवड्यात फोटो काढला असेल, कोणी संतापून मेसेज टाकला असेल, तो जपून ठेवा.

‘बहुधा’ म्हणते, कारण त्याआधीही आडकाठी झालेली असू शकते आणि कोणाला पत्ताच नसतो. जमीनमालक कौन्सिलकडे एक नकाशा आणि निवेदन जमा करून ठेवू शकतात: माझ्या जमिनीवर या एवढ्याच वाटा मी मान्य करतो, बाकी कुठलीही लोकांना देण्याचा माझा इरादा नाही. कौन्सिलकडे त्याचं सार्वजनिक रजिस्टर असतं. बाकी काहीही करायच्या आधी ते बघा. जुन्या शेतकऱ्याने असं निवेदन दिलेलं असेल, तर २० वर्षं त्या तारखेच्या मागची मोजावी लागतील आणि तुम्हाला जास्त जुने साक्षीदार शोधावे लागतील. मग २००१ ची पायलाग साथही आड येईल. त्या वर्षी गुरांच्या रोगामुळे देशभर वाटा बंद होत्या आणि साक्षीदार प्रामाणिकपणे तसं लिहितील. लिहू द्या. त्या बंदीमुळे वहिवाट तुटली, असं साधारणपणे धरत नाहीत.

‘हक्काने’ याचा अर्थ तिहेरी आहे: जबरदस्तीने नाही, चोरून नाही, परवानगी घेऊन नाही. पहिले दोन सगळ्यांना लगेच पटतात. तिसरा ऐकून लोक चक्रावतात. शेतकऱ्याने चांगुलपणाने ‘जा की’ म्हटलं असेल, तर त्या माणसाची वहिवाट मोजली जात नाही, कारण ती त्याच्या मेहेरबानीवर होती. शेतकऱ्याने नुसतं पाहिलं, हात हलवला आणि गप्प राहिला, तर मात्र मोजली जाते. इथेच तुमच्या तबेल्याच्या मालकीणबाईंची व्हिस्की महत्त्वाची ठरते. नाताळची बाटली म्हणजे परवानगी नव्हे. शेजारधर्म म्हणून दिली असेल तर तिने काही बिघडत नाही. पण ‘तुमच्या वाटेवरून आमचे घोडे जातात म्हणून’ असं काही ठरलं होतं का, कधी पैसे दिले होते का, तबेल्याची जागाच त्या शेतकऱ्याकडून भाड्याने होती का, हे त्यांना एकट्यात आणि स्पष्ट विचारा. तबेला त्याचा असेल तर तिथल्या स्वारांना तो आपले भाडेकरू म्हणून जाऊ देत होता, असा मुद्दा नवे मालक काढतील. तसं असेल तर तबेल्याबाहेरचे स्वार हवेत: पलीकडच्या गावातले, स्वतःच्या परड्यात घोडा ठेवणारे, पोनी क्लबचे. आणि नव्या मालकाला आत्ता बाटली पाठवू नका. त्याने खूश होऊन ‘बरं, तुम्ही जा’ म्हटलं, की तुमच्या हाती परवानगी येते. उद्या तो ती काढून घेऊ शकतो.

तुम्ही स्वतः चारच वर्षं त्या वाटेने गेलात, म्हणून खट्टू होऊ नका. एकाच माणसाने २० वर्षं रपेट मारलेली असण्याची गरज नाही. एकीची १९९९ ते २०१०, दुसऱ्याची २००७ ते २०२३, तुमची चार, अशी माळ जुळवायची, मध्ये भोक राहता कामा नये. किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायद्यात नाही. चाळीस उडत्या फॉर्मपेक्षा बारा नेमके फॉर्म मला जास्त आवडतील.

हे फॉर्म कौन्सिलकडे मिळतात. केव्हापासून केव्हापर्यंत, किती वेळा, कशासाठी, फाटक होतं का, पाटी होती का, कोणी कधी अडवलं का, मालकाशी काही नातं किंवा नोकरी होती का, असे प्रश्न असतात. मोहीम चालवणारी उत्साही माणसं इथे एक घोळ हमखास घालतात: नकाशावर रेघ स्वतःच मारून, झेरॉक्स काढून, सगळ्यांकडून खाली सही घेतात. पुढे चौकशी बसली की समोरचा वकील पहिल्यांदा तेच दाखवतो. प्रत्येकाने रेघ स्वतः मारावी, वाकडी आली तरी चालेल. शब्दही ज्याचे त्याचे असावेत. ‘मुलगी शाळेत असताना शनिवारी सकाळी’ असं कोणी लिहिलं तर ते तसंच राहू द्या, तुम्ही सुधारून ‘दर आठवड्याला नियमितपणे’ करू नका. जोडीला तारखेचे फोटो, जुन्या डायऱ्या, फोनमधल्या रपेटींच्या नोंदी, जे मिळेल ते. सायकलवाले त्या वाटेने जात असतील तर त्यांनाही विचारा. १९६८ पासून ब्रायडलवेवर सायकलला हक्क आहे आणि सायकलवाल्यांकडे तारखांच्या नोंदी घोडेवाल्यांपेक्षा नेहमीच चांगल्या असतात.

तुमच्या चारशे सह्यांचा खरा उपयोग इथे आहे. त्यातले पन्नाशीच्या पुढचे, गावात वाढलेले वेगळे काढा आणि त्यांच्या घरी जा. सत्तरच्या दशकात पोनीवर बसून शाळेच्या सुट्टीत त्या वाटेने उंडारलेल्या बायका आज आजी झाल्यात. त्यांच्याइतके चांगले साक्षीदार नाहीत, आणि त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं.

आता कागदपत्रं. मी याच्यात रमते, तेव्हा सांभाळून घ्या.

झाडांच्या दोन रांगांमधली वाट, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते वाचून माझे कान टवकारले. दोन्हीकडे कुंपण, मध्ये पट्टा, अशी रचना पुष्कळदा जुन्या रस्त्याची असते. तेव्हा काउंटीच्या अभिलेखागारात एक दिवस काढा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सामाईक जमिनी वाटून टाकल्या गेल्या, तेव्हाचे इन्क्लोजर अवॉर्ड असतील तर ते आधी मागा. त्यांत रस्ते कायद्याने आखून दिले जायचे, रुंदीसकट, आणि अशा दस्ताचं वजन मोठं असतं. मग १८३६ च्या कायद्यानंतर झालेले टाइद मॅप. ते चर्चच्या दशमांश करासाठी होते, रस्त्यांसाठी नव्हते, म्हणून त्यांचा आधार दुय्यम. रेल्वे आणि कालव्यांसाठी संसदेत सादर झालेले आराखडेही बघा. रूळ रस्ता ओलांडणार असतील तर तो रस्ता सार्वजनिक आहे की खाजगी, हे तिथे लिहावं लागायचं.

आणि माझे लाडके, १९१० च्या फायनान्स अ‍ॅक्टचे नकाशे. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना जमिनीच्या वाढत्या किमतीवर कर बसवायचं ठरलं. त्यासाठी देशातल्या जमिनीचा तुकडा न् तुकडा मोजून नकाशावर रंगवला गेला. कर काही वर्षांतच गुंडाळला, नकाशे मात्र राहिले. ते लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, काही काउंटीकडेही आहेत. दोन्ही बाजूंची शेतं रंगवलेली आणि मधला पट्टा कोरा सोडलेला दिसला, तर तो पट्टा कोणाच्याच खाजगी मालमत्तेत धरलेला नव्हता. सार्वजनिक रस्ता असल्याची ती मोठी खूण आहे. वाट शेतात धरलेली असेल तरी सोबतच्या फील्ड बुकात ‘वाटेच्या हक्कापोटी’ मालकाने करात सूट मागितली आहे का, ते पाहा. जो मालक कर वाचवायला ‘इथून लोक जातात’ असं सांगून गेला, त्याचं म्हणणं आजच्या मालकाला खोडून काढणं अवघड जातं.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. सुरुवात घरबसल्या तिथून करा. पण त्या नकाशावर वाट दिसली म्हणून हक्क सिद्ध होत नाही. वाट जमिनीवर होती एवढंच त्यातून कळतं.

कागदपत्रांतून ती पूर्वी गाडीरस्ता होती असं निघालं, तर गावातले चालणारे घाबरतील की आता मोटरसायकली येणार. २००६ च्या कायद्याने नकाशावर न नोंदलेले मोटारगाड्यांचे जुने हक्क बहुतांशी संपवले. अशी वाट आता ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’ म्हणून नोंदली जाईल: पायी, घोडे, सायकली आणि घोडागाडी. तुमचं नुकसान काहीच नाही. तबेल्यात कोणी १ जानेवारी २०२६ च्या मुदतीबद्दल बोलत असेल, तर ती जुन्या कागदांवरच्या दाव्यांसाठी २००० च्या कायद्यात घातली होती. २०२३ मध्ये ती २०३१ पर्यंत ढकलली आणि २०२४ च्या अखेरीस सरकारने ती रद्दच करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणून घाईत अर्धवट अर्ज टाकू नका.

तुमची वाट पायवाट म्हणून आधीच नोंदलेली असल्याने कसोटी थोडी कडक आहे. नकाशात मुळीच नसलेल्या वाटेसाठी नकाशा बदलण्याचा आदेश काढायला हक्क असण्याचा वाजवी दावा पुरतो. नोंद बदलून घ्यायची असेल, तर हक्क नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त आहे, हे दाखवावं लागतं. ब्रिटिश हॉर्स सोसायटी या घोडेवाल्यांच्या संस्थेचे स्वयंसेवक अ‍ॅक्सेस अधिकारी काउंटी-काउंटीत असतात आणि असे अर्ज त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. मसुदा त्यांना दाखवा.

अर्जाबरोबर नकाशा आणि पुराव्याच्या प्रती जोडायच्या आणि जमीनमालकाला कायदेशीर नोटीस द्यायची. बारा महिन्यांत कौन्सिलने निर्णय दिला नाही, तर निर्णय द्यायला लावा अशी विनंती केंद्र सरकारकडे करता येते. नकार आला तर २८ दिवसांत अपील. आदेश निघाला की आक्षेपांसाठी ४२ दिवस, आणि आक्षेप आले तर प्रकरण प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे. अनेक काउंट्यांकडे अर्जांचा ढीग पडला आहे. या सगळ्याला वर्षं लागतात.

कुलूप कापण्याबद्दल. नको. मागच्या २० वर्षांचा पुरावा त्याने पुसला जाणार नाही, पण मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार तुमच्या मैत्रिणीवर होईल, आणि साक्षीदार म्हणून ज्या आजींना तुम्ही तयार करणार आहात, त्या दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाहीत.

दुसरी फाईल: वाटेच्या टोकापासून जंगलापर्यंतचा अर्धा मैल. इथे कायदा कमी आणि माणूस जास्त लागतो.

रस्त्यालगतच्या शेताचा मालक कोण, हे लँड रजिस्ट्रीत कळेल. तो कुलूपवाल्यांपेक्षा वेगळा असावा अशी मी देवाकडे प्रार्थना करते, कारण एकाच माणसाशी एका हाताने भांडणं आणि दुसऱ्या हाताने मागणं जमत नाही. वेगळा असेल तर त्याला भेटा. कोकरं जन्मायच्या किंवा कापणीच्या दिवसांत जाऊ नका. शिष्टमंडळ नेऊ नका. तुम्ही आणि त्याला ओळखणारं गावातलं एक माणूस, एवढं बस. सह्यांचा गठ्ठा घरी ठेवा. ‘चारशे लोक म्हणतात’ हे वाक्य शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात धमकीसारखं ऐकू येतं.

आधी त्याच्या अडचणी ऐका. त्या बहुतेक ठरलेल्या असतात. फाटक उघडं राहतं, कुत्री मेंढ्यांमागे लागतात, पावसाळी हंगामात खुरांनी चिखल होतो, पीक तुडवलं जातं, आणि एकदा हक्क दिला की पिढ्यान् पिढ्या परत येत नाही. यातली शेवटची भीती शंभर टक्के खरी आहे आणि ती खोटी ठरवायला जाऊ नका. बाकीच्यांवर उपाय आहेत. वाट शेताच्या मधून न नेता बांधाच्या कडेने, रस्त्याच्या कुंपणाच्या आतून न्यायची. शेताच्या बाजूला तार किंवा झुडपांचं नवं कुंपण घालायचं. फाटकं खोगिरावरून न उतरता उघडता येतील आणि आपोआप बंद होतील अशी बसवायची. ब्रायडलवेवरचं फाटक किमान पाच फूट रुंद हवं. वाटेच्या पृष्ठभागाची देखभाल साधारणपणे हायवे ऑथॉरिटी (रस्ते सांभाळणारी यंत्रणा, तुमच्याकडे काउंटी कौन्सिलच) करते, फाटकं मालकाची. पण फाटकांच्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा त्याला ऑथॉरिटीकडून मागता येतो. बऱ्याच शेतकऱ्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तो राजी झाला तर कौन्सिलशी नवी वाट निर्माण करण्याचा करार होतो, हायवेज अ‍ॅक्टचं २५ वं कलम. ३० व्या कलमाखाली पॅरिश कौन्सिललाही, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिललाही, असा करार करता येतो, आणि काउंटीकडे माणसं कमी असताना हा रस्ता सोपा पडतो. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत जाऊन हे कलम नावासकट सांगा, तिथल्याही पुष्कळांना ते माहीत नसतं. राजी नसेल तर २६ व्या कलमाखाली सक्तीचा आदेश काढता येतो. त्यात लोकांची सोय आणि मालकाचं नुकसान दोन्ही तोलतात, मालकाला भरपाई द्यावी लागते. भरपाई आणि चौकशीच्या धास्तीने कौन्सिल हे हत्यार क्वचितच उपसतात. पण गरज दाखवायची जागा हीच. दोन मैलांच्या परिघात किती घोडे आहेत, रस्त्यावर काय काय झालं, कोण कोण वापरेल, हे आकड्यांत मांडा. मग तुमच्या सह्या त्यावर चढवा. प्रत्येक हायवे ऑथॉरिटीला वाटांच्या सुधारणेचा आराखडा ठेवावा लागतो. तुमचा अर्धा मैल त्यात नावानिशी लिहून घ्या. कधी त्या शेतावर घरांची योजना आली, तर बिल्डरकडून ही वाट अटीत घालून मिळवताना तो आराखडा हाताशी लागेल.

शेतकरी म्हणेल, ‘हक्क नाही देणार, पण जाऊ देतो.’ याला परमिसिव्ह पाथ म्हणतात. मुलीच्या जिवासाठी मी ती घेईन. फक्त ती कधीही बंद होऊ शकते आणि त्यावरून वीस काय, शंभर वर्षं गेलात तरी हक्क साठत नाही. निदान ठरावीक वर्षांचा लेखी करार मागा.

आणखी एक कलम फारसं कोणी काढत नाही. हायवेज अ‍ॅक्टचं ७१ वं कलम म्हणतं, की ज्या रस्त्यांवर घोडेस्वारांच्या आणि हाकून नेल्या जाणाऱ्या गुरांच्या सुरक्षिततेसाठी गरज वाटेल, तिथे हायवे ऑथॉरिटीने कडेला गवताचा पुरेसा पट्टा ठेवायचा. तुमच्या त्या साठच्या रस्त्याला गवताची कड आहे का? तिच्यात नाल्या खणल्यात का, झुडपं माजलीत का, की कोणी आपल्या दारासमोर दगड रोवलेत? कड रस्त्याचाच भाग असेल तर तिच्यावरून घोडा नेता येतो. ती साफ करून घेणं एखाद्या उन्हाळ्यात होण्यासारखं काम आहे, आणि अर्ध्या मैलापैकी पाव मैल जरी कडेने जाता आलं तरी मोठा दिलासा. ही मागणी वेगळ्या, छोट्या पत्रात पाठवा.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कायद्याला तुमचं नवखेपण दिसत नाही, गावाला दिसतं. पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. फाईल तुम्ही सांभाळा: तारखा, प्रती, फॉर्म, अभिलेखागाराच्या फेऱ्या. हे काम कोणालाच नको असतं आणि जो ते करतो त्याच्याकडे गाव हळूहळू आपलं म्हणून बघू लागतं. बोलायला मात्र जुनी माणसं पुढे ठेवा. चालणाऱ्यांच्या गटाला सुरुवातीलाच सामील करा. त्यांना खुरांच्या चिखलाची भीती असते आणि आक्षेपांची पत्रं मालकांइतकीच त्यांच्याकडून येतात. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्या मालकांबद्दल एक शब्द लिहू नका. चौकशीत तो वाचून दाखवला जाऊ शकतो.

(तुम्ही स्कॉटलंडात राहत असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. तिथे २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने जायचा हक्क घोडेस्वारांनाही आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक वाटांच्या जाळ्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांवर घोडा नेता येतो.)

मुलीला मात्र आत्ताच खरं सांगा. तिच्या शाळेच्या वर्षांत कुलूप निघेलच असं नाही, आणि शेतातली वाट होईपर्यंत ती घोडी म्हातारी झालेली असेल. तोवर रस्त्याने जावं लागलं तर मोठ्या माणसाच्या सोबतीने, घोडी आणि स्वार दोघांच्या अंगावर चमकते पट्टे, आणि हेल्मेटवर कॅमेरा. जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये घोड्याला ओलांडताना ताशी १० मैलांच्या आत आणि किमान दोन मीटर अंतर ठेवून, असं स्पष्ट लिहिलं आहे. जो चालक पाळत नाही, ज्याच्यामुळे घोडी बुजते, त्या प्रत्येक प्रसंगाची नोंद ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या ‘हॉर्स आय’ अ‍ॅपवर त्याच संध्याकाळी करा, जागा आणि वेळ यांसकट, कोणाला लागलं नसेल तरीही. तबेल्यातल्या सगळ्यांना करायला लावा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या फाईलमध्ये टाका.

पण सोमवारी सकाळी पहिल्यांदा कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे, म्हणजे वाटांच्या हक्कांच्या, विभागाला फोन करून जमीनमालकांच्या निवेदनांचं रजिस्टर बघायला मागा. त्यात त्या शेताचं नाव आहे की नाही, ते कळलं की मला पुन्हा लिहा.